कवेलूखालचा उजेड

गोंदिया जिल्ह्यातल्या मातीच्या जुन्या घरात वैशाखातल्या भर दुपारीही आतल्या खोलीत दिवा लागतो. बाहेर डोळे उघडवत नाहीत इतके ऊन असते. छपरीत बसून डाळ-तांदूळ निवडता येतात. पण उंबरठा ओलांडून दोन खोल्या आत गेले, की कोठीत धान किती उरले ते हाताने चाचपूनच कळते. या अंधाराचा विजेशी फारसा संबंध नाही. तो घराच्या बांधणीतून येतो आणि दारापर्यंत तार आली तरी तिथेच राहतो. सूर्य मावळल्यावरचा अंधार निराळा आणि त्याचे उपायही निराळे. स्वस्त उजेडाच्या योजना आखताना या दोहोंची गल्लत झाली, की दिवसा फुकट मिळू शकणाऱ्या उजेडासाठी रात्रीची बॅटरी खर्ची पडते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. वर्षाचा पाऊस १२०० मिलिमीटरच्या वर आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. इथल्या घराचा आकार या दोन गोष्टींनी ठरवला आहे. भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. बाहेरची झळ आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मातीच्या भिंतीला पाण्याचे भय, म्हणून छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर काढून खाली ओढलेले. वळचणीखालून आत जाताना उंच माणसाला वाकावेच लागते. एवढ्या खाली आलेल्या छपरामागे भिंतीत खिडकी ठेवली, तरी तिला आभाळ दिसत नाही. समोरच्या अंगणावरून परतणारा थोडा उजेड तेवढा आत येतो.

खिडक्या न ठेवण्याची कारणे इथेच संपत नाहीत. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगल गावाला लागून आहे. शेळ्या-कोंबड्या घरातच बांधायच्या तर बिबट्याला वाट ठेवून चालत नाही. वर्षभराचे धान, वाळवलेली मोहफुले, बियाणे हे सारे आतल्या खोलीत असते. त्याला ओल नको, उंदीर नको आणि पाहणारे डोळेही नकोत. शिवाय चौकटीचे लाकूड आणि सुताराची मजुरी हा खर्च वाचतोच. बाहेरून येणारे अधिकारी आणि समाजसेवक अशा घराला ‘आरोग्याला अपायकारक’ म्हणून मोकळे होतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण खोलीतला गारवा, कोरडेपणा आणि सुरक्षितता त्याच अंधाराच्या बदल्यात मिळालेली असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय सुचवलेली खिडकी पहिल्याच पावसाळ्यात पोते लावून बुजवली जाते.

रात्रीच्या उजेडासाठी रॉकेल येण्याआधी या भागात झाडांच्या तेलाचे दिवे होते. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे तेल आणि करंजाचे तेल ही त्यांतली मुख्य. टोरीचे तेल खायलाही चालते, त्यामुळे ते जाळायचे की कढईत घालायचे हा प्रश्न गरिबाच्या घरात दरवर्षी असायचा. थंडीत ते थिजते. पौष-माघात दिवा लावण्याआधी भांडे चुलीजवळ सरकवून ठेवावे लागे. करंजाचे तेल कडू, म्हणून ते दिव्यालाच. रॉकेल आले तसे हे दिवे देवापुरते उरले.

रॉकेलची चिमणी ही जिल्ह्यातल्या घराघरातली वस्तू होती. औषधाची रिकामी बाटली, झाकणाला पाडलेले भोक, त्यात पत्र्याची नळी आणि जुन्या लुगड्याची वात एवढ्यात ती तयार होई. काच असलेला कंदील पाहुण्यांसाठी, गोठ्यात जाण्यासाठी किंवा रात्री बांधीत पाणी पाहायला जाण्यासाठी. चिमणी फुकटात होते म्हणून तिला स्वस्त म्हटले गेले, पण तिचा हिशेब मांडला तर तिच्याइतका महाग दिवा दुसरा नाही. बारीक वातीची चिमणी तासाला साधारण १० मिलिलिटर रॉकेल पिते. तेवढ्या रॉकेलातली ऊर्जा १०० वॅटच्या विजेच्या बल्बला तासभर लागते तेवढी असते. त्यातून मिळणारा उजेड मात्र १० ल्युमेनच्या आसपास. एक वॅटचा साधा एलईडी १०० ल्युमेन देतो. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत हजारपट उजेडाचा फरक. रोज पाच तास चिमणी जळली तर महिन्याला दीड लिटर रॉकेल जाते. एवढे करून मुलाला पुस्तक ज्योतीपासून वीतभर अंतरावर धरावे लागते.

उरलेली ऊर्जा उष्णता आणि काजळी होऊन घरातच राहते. उघड्या वातीच्या दिव्यांची मोजमापे करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जळालेल्या रॉकेलाच्या वजनाचा ७ ते ९ टक्के भाग निव्वळ काजळीच्या रूपात बाहेर पडतो असे आढळले. चुलीच्या धुराची चर्चा पुष्कळ झाली. चिमणी मात्र लहान म्हणून सुटली. तिची काजळी उजेडाच्या दृष्टीनेही घातक असते. ती भिंतीवर बसते, भिंत काळी होते आणि मग त्याच दिव्याचा उजेड आणखी कमी वाटतो. भाजणे, गवत-पेंढ्याला आग लागणे आणि शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल लहान मुलाने पाणी समजून पिणे हे अपघातही या दिव्याच्या किमतीत धरायला हवेत.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ८३.९ टक्के घरांनी उजेडाचे मुख्य साधन वीज असे सांगितले, तर १४.५ टक्के घरे रॉकेलवर होती. रेशनच्या रॉकेलचा दर २०१६ पासून थोडा थोडा वाढवत नेला गेला आणि २०२० पर्यंत केंद्राचे अनुदान संपले. रेशन दुकानातला निळा डबा रिकामा राहू लागला. वीज पोचली म्हणून रॉकेल गेले असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात काही घरांत रॉकेल आधी गेले आणि वीज नंतर आली. मधल्या काळात मेणबत्ती, डिझेलमध्ये बुडवलेली वात आणि मोबाइलची बॅटरी यांनी वेळ भागवली. डिझेलचा धूर रॉकेलहून वाईट.

विजेच्या तारेची कथा या जिल्ह्यात जरा विचित्र आहे. तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच असलेला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. त्याचे पहिले संच २०१२-१३ मध्ये सुरू झाले. वैनगंगेचे पाणी, बाहेरून येणारा कोळसा आणि इथून निघणारी वीज अतिउच्च दाबाच्या तारांवरून राज्याच्या जाळ्यात. मोठे मनोरे धानाच्या बांध्यांमधून जातात. त्यांच्याखालच्या घराला त्यातून थेट वीज घेता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र, ११ केव्हीची वाहिनी, रोहित्र आणि शेवटी घरगुती दाबाची तार हा सगळा उतार लागतो. वीसएक घरांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, गावापासून तीन किलोमीटर जंगलात असेल, तर या उताराचा खर्च दर घरामागे फार मोठा होतो आणि तो कोणी करायचा याच्या फायली फिरत राहतात.

जंगलाचा अडसर हाही खरा. वनसंवर्धन कायदा १९८० चा. त्याखाली वनजमिनीवर खांब रोवायला परवानगी लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वाट थोडी मोकळी केली. कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याच्या सोयी अशा तेरा सार्वजनिक कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर दर कामामागे एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत या अटीवर. विजेच्या आणि दूरसंचाराच्या तारा या तेरांत आहेत. हे कलम ज्या गावांना माहीत होते, तिथे खांब लवकर आले. ग्रामसभेचा ठराव नेमका कोणत्या कलमाखाली लिहायचा, एवढ्यावर काही वर्षे अडू शकतात.

गाव ‘विद्युतीकृत’ ठरवण्याची व्याख्याही उदार होती. गावात रोहित्र व तारा, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आणि निदान १० टक्के घरांत जोडणी, एवढे झाले की गाव यादीतून सुटे. उरलेली नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी चालत असे. राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना २००५ ची, पुढे दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजना. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधले लेईसांग हे गाव जोडले गेले आणि देशातले प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. गाव सोडून घर मोजायला सुरुवात झाली ती २५ सप्टेंबर २०१७ च्या सौभाग्य योजनेपासून. गरीब घरांना जोडणी मोफत. इतरांना ५०० रुपये, तेही दहा हप्त्यांत बिलातून. जिथे तार नेणे परवडत नाही तिथे २०० ते ३०० वॅटचा सौर संच, पाच एलईडी दिवे, एक पंखा, मोबाइलसाठी एक जोड आणि पाच वर्षांची देखभाल. मार्च २०२२ ला ही योजना बंद झाली.

त्यामुळे आज जिल्ह्यात विजेविना राहिलेल्या घरांचे सरसकट एक चित्र काढता येत नाही. काही घरे गावठाणाबाहेर, अतिक्रमण म्हणून नोंदलेली. काही शेतावरची, चार महिने राहायची. काही वाटणीनंतर भावाने वेगळी चूल मांडलेली. घर नवे, पण कागद वडिलांच्याच नावावर. आणि काही घरांत जोडणी होती, बिल थकले, तार तोडली. एक नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. पण स्थिर आकार त्याहून कितीतरी मोठा असतो. महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालच्या घरांचा स्वतंत्र गट आहे, त्यासाठी वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत राहावा लागतो. मीटर बिघडून एकदा अंदाजे बिल आले, की हे घर गटातून बाहेर पडते आणि थकबाकीत जाते. सरकारी नोंदीत ते विद्युतीकृतच असते.

दिवसाच्या अंधारावरचा सर्वांत स्वस्त उपाय या भागात दिवाळीच्या आधी घरोघरी केला जातो. फक्त त्याला कोणी प्रकाशयोजना म्हणत नाही. पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने भिंती पोतल्या, की पडलेल्या उजेडापैकी पाऊण हिश्शाच्या आसपास भाग परत खोलीत येतो. शेणमातीने सारवलेली आणि धुराने काळवंडलेली भिंत पाचवा हिस्साही परत करत नाही. म्हणजे एकच दार, एकच दिवा असला तरी पोतलेल्या खोलीत तो कितीतरी उजळ दिसतो. भिंतीचा वरचा अर्धा भाग आणि छपराच्या कमच्यांची खालची बाजू जास्त महत्त्वाची. बाया हात पोचतो तिथवर पोततात, छपर तसेच काळे राहते. लांब दांड्याला कुंचा बांधून दोन हात चुना वर मारला तर शंभर रुपयांच्या आत खोलीचे रूप बदलते. चुलीच्या खोलीत हे वर्षातून दोनदा करावे लागते.

त्यापुढची पायरी छपराची. उजेड वरून घेण्याची युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. देशावरच्या धाब्याच्या घरांना त्यासाठी छतात भोक ठेवतात, पावसात त्यावर झाकण ठेवायचे. कोकणात कौलारू घरांत काचेचे कौल असते. गोंदियाकडे ज्यांच्या घरावर इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगळुरी कौले आहेत, त्यांना त्याच मापाचे काचेचे कवेलू बाजारात मिळते. गावठी, कुंभाराने घडवलेल्या अर्धगोल कवेलूंचे माप घरागणिक वेगळे, त्यांत काचेचे बसत नाही. मग प्लॅस्टिकची पारदर्शक शीट घातली जाते. तिचे दोन दोष. दोनतीन उन्हाळ्यांत ती पिवळी पडून तडकते. आणि तिच्यातून ऊन सरळ खाली येते. जमिनीवर एक झगझगीत चौकोन पडतो, तो दिवसभर सरकत राहतो आणि कोपरे होते तेवढेच काळे. तीन बाय दोन फुटांच्या शीटमधून दुपारी अर्ध्या किलोवॅटच्या आसपास उष्णता खोलीत उतरते. वैशाखात ती शीट पोत्याने झाकणारी घरे काही वेडी नाहीत.

पाण्याच्या बाटलीचा दिवा या दोन्ही दोषांवर उतारा आहे. ब्राझीलमधल्या उबेराबा गावचा मेकॅनिक आल्फ्रेडो मोझर याने २००२ मध्ये, वीजकपातीच्या दिवसांत, दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरून छपरात बसवली. फिलिपाइन्समध्ये इलाक दियाझ यांच्या संस्थेने २०११ पासून मनिलाच्या पत्र्याच्या वस्त्यांत ती मोठ्या प्रमाणात लावली आणि तिथून ती जगभर गेली. बाटलीचा एक तृतीयांश भाग छपराच्या वर, बाकी खाली. वरच्या भागावर सगळ्या बाजूंनी पडलेले ऊन पाण्यात शिरते, वाकते, आतल्या बाजूने परावर्तित होत खाली येते आणि खालच्या भागातून चहूकडे पसरते. जमिनीवर चौकोन पडत नाही, सबंध खोली सारखी उजळते.

तिचा उजेड किती, याचा अंदाज कागदावरही करता येतो. स्वच्छ दुपारी ऊन एक लाख लक्सच्या घरात असते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीचा छेद जवळपास ८० चौरस सेंटिमीटर. तेवढ्यावर पडणारा प्रकाश ८०० ल्युमेन, त्यातला काही वाया गेला तरी चार-सहाशे खाली उतरतात. ४० ते ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड असा जो दावा केला जातो, तो यात बरोबर बसतो. उष्णता मात्र जास्तीत जास्त आठ वॅट. आभाळ भरून आलेले असले, की उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो. तरीही तो चार-पाच चिमण्यांएवढा असतो. आषाढातल्या अंधारलेल्या दुपारी कोठीतून बियाणे काढायला तेवढा पुरतो.

पत्र्याच्या छपरावर बाटली बसवणे सोपे आहे. वीतभर चौरस पत्र्याचा तुकडा घ्यायचा. मधे बाटलीच्या घेरापेक्षा थोडे लहान भोक पाडून त्याच्या कडेला बोटभर चिरा द्यायच्या आणि त्या पाकळ्या वर वळवायच्या. बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा वर राहील अशी ती आत दाबायची आणि पाकळ्यांभोवती सिलिकॉनचा लेप द्यायचा. बाटली बिनरंगी आणि गुळगुळीत हवी. खाचा असलेली किंवा हिरवी चालत नाही. पाणी गाळून भरायचे, त्यात दोन टोपण ब्लीच घालायचे. त्याने शेवाळ धरत नाही. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर असेल तर ती कालवून, गाळ बसू देऊन वरचे नितळ पाणी घ्यावे. सर्वांत आधी बिघडते ते टोपण. उन्हाने ते ठिसूळ होते, फुटते, पाणी उडून जाते. म्हणून त्यावर काळी टेप किंवा पाइपचा तुकडा चढवतात. एवढे सांभाळले तर बाटली काही वर्षे टिकते. खर्च मुख्यतः सिलिकॉनच्या नळीचा आणि एका नळीत अनेक बाटल्या होतात.

कवेलूच्या छपरावर ही कृती जशीच्या तशी उतरत नाही, आणि बाहेरून आलेले बहुतेक प्रयोग इथेच फसतात. कवेलू सुटे असतात. ते वाऱ्याने हलतात, वानरांच्या उड्यांनी फुटतात आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची फेरणी होते, म्हणजे ते काढून पुन्हा रचले जातात. सिलिकॉनने कवेलू एकमेकांना चिकटवले तर पुढच्या फेरणीला ते फुटणारच. त्यामुळे पत्र्याचा तुकडा लांब घ्यावा लागतो, दीड-दोन फुटांचा. त्याची आढ्याकडची कड वरच्या कवेलूंच्या खाली सरकवायची आणि वळचणीकडची खालच्या कवेलूंच्या वर सोडायची. दोन्ही बाजूंच्या कडा किंचित वर दुमडल्या की पाणी पत्र्यावरून सरळ खाली वाहते आणि चिकटवण्याचे काम फक्त बाटलीपुरते उरते. पाण्याने भरलेली बाटली दोन किलोची. तिचा भार कमच्यांवर न टाकता खालून वाशाला तारेने धरावी. हे काम फेरणीच्याच दिवशी केले तर वेगळी मजुरी लागत नाही.

घरात माळा असेल तर आणखी एक अडचण. जुन्या घरांत छपराखाली लाकूड-मातीचा माळा असतो. उन्हापासून तोच खरा बचाव करतो. छपरातली बाटली मग माळ्यावरच्या लसूण-कांद्याला उजेड देते आणि खाली काळोख तसाच. अशा ठिकाणी बाटलीखाली चार इंची पाइप आतून चकचकीत पन्नी लावून माळ्यातून खाली उतरवावा लागतो. दर वेळी परावर्तनात प्रकाश थोडा थोडा हरवतो. पाइप चार फुटांहून लांब झाला तर कष्ट वाया.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पाठिंब्याने कोलकात्याच्या एन. बी. इन्स्टिट्यूट फॉर रूरल टेक्नॉलॉजीने याच कल्पनेचा पक्का अवतार काढला, ‘सूर्यज्योती’ नावाचा लहान सौर घुमट. वर ॲक्रिलिकचा पारदर्शक अर्धगोल, खाली उजेड पसरवणारा दुसरा. साध्या नमुन्याची किंमत तेव्हा ५०० रुपयांच्या आसपास सांगितली गेली. सौर पट्टी आणि बॅटरी असलेला, सूर्यास्तानंतर सुमारे चार तास चालणारा १२०० रुपयांना. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, आगरतळा, बेंगळुरूच्या झोपडवस्त्यांत त्याच्या चाचण्या झाल्या. बाटलीपेक्षा तो टिकाऊ आणि गळतीला चोख. पण झोपडवस्तीच्या पत्र्यासाठी आखलेला तो अर्धगोल कवेलूंवर बसवायचा, तर वर सांगितलेला पत्रा त्यालाही हवाच.

रात्रीच्या उजेडाचे गणित एलईडीने पालटले. निळ्या एलईडीवर १९९० च्या दशकात जपानमध्ये झालेल्या कामातून पांढरा एलईडी आला. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. एलईडी घरोघरी येण्याआधी रॉकेलचाच दिवा सुधारण्याचे गंभीर काम महाराष्ट्रात झाले होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी ‘नूरी’ कंदील घडवला. गॅसबत्तीसारखी जाळी, १०० वॅटच्या बल्बच्या तोडीचा उजेड, आणि गॅसबत्तीची कटकट कमी. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, मंडईच्या जत्रेत रात्री दंडार या लोकनाट्याला गॅसबत्ती पेटवणारा एक खास माणूस असे. ते काम कोणालाही जमत नसे, हे ज्यांनी पाहिले त्यांना नूरीचे मोल कळेल. पुढे त्याच संस्थेने दिवा आणि शेगडी एकत्र करून ‘लॅनस्टोव्ह’ केला. अभियांत्रिकी उत्तम होती, पण रेशनचे रॉकेलच गेले आणि एक वॅटचा एलईडी दीड-दोनशे रुपयांच्या कंदिलात येऊन बसला.

शाळकरी मुलांसाठीचा सौर दिवा आयआयटी मुंबईच्या प्रकल्पातून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशाच्या ग्रामीण भागांत २०१४ पासून गेला. दहा लाख दिव्यांचे उद्दिष्ट होते. मुलांनी द्यायचे १२० रुपये, बाकी अनुदान. या प्रकल्पातली खरी गोष्ट दिवे किती वाटले ही नव्हे. दिव्यांची जुळणी गावातल्याच माणसांनी केली आणि दुरुस्तीची केंद्रे तिथेच ठेवली. राजस्थानच्या डुंगरपूरमध्ये हे काम शिकलेल्या बायकांनी पुढे सौर पट्ट्या बनवणारी कंपनी काढली. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे बायका तेंदूपाने गोळा करतात आणि बिड्या वळतात, सोल्डरिंगचे काम शिकवणे अवघड नाही.

दुरुस्तीचा मुद्दा वाढवून सांगण्याचे कारण आधीच्या अनुभवात आहे. दुर्गम गावांच्या विद्युतीकरणासाठी केंद्राने २००० नंतरच्या दशकात जे सौर घरदिवे दिले, त्यांत ३७ वॅटची सौर पट्टी, शिशाची बॅटरी आणि दोन सीएफएल असत. ९० टक्के अनुदान. राज्यात ते महाऊर्जामार्फत गेले. शिशाच्या बॅटरीत दर काही महिन्यांनी शुद्ध पाणी घालावे लागते. ते न घातल्याने किंवा विहिरीचे घातल्याने बॅटरी तीन-चार वर्षांत मेली, की नवीची किंमत घराच्या आवाक्याबाहेर आणि अनुदान पहिल्याच वेळेपुरते. मग पट्टी छपरावर, खाली अंधार. काहींनी तीच पट्टी मोबाइल चार्ज करायला थेट जोडली. बॅटरीशिवाय ती दिवसा चालते.

आज लहान घराचा हिशेब असा मांडता येतो. दहा वॅटची पट्टी, दिवसाला पाच तासांचे चांगले ऊन, म्हणजे ५० वॅट-तास. जाता-येता गळती धरून हाती तीस-पस्तीस. दोन वॅटचे तीन दिवे पाच तास लावले तर तीसच लागतात. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हे जमते. श्रावणात ऊन तिसऱ्या हिश्श्यावर आले की एकच दिवा ठेवावा लागतो. विक्रेता हे सांगत नाही, म्हणून पावसाळ्यात ‘संच बिघडला’ अशा तक्रारी वाढतात. पट्टी दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी वीस-एकवीस अंशांनी कललेली हवी, कारण गोंदियाचा अक्षांश तेवढाच आहे. मोहाच्या झाडाची एक फांदी पट्टीच्या कोपऱ्यावर आली तरी अर्धी वीज जाते. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची घ्यावी. ती दोन हजारांच्या आसपास फेऱ्या सोसते, म्हणजे रोज वापरून पाच वर्षे. शिशाची स्वस्त मिळते पण तेवढ्या काळात ती बदलावी लागते. तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या रंगीत चार्जिंग टॉर्चची बॅटरी सहसा याहून हलकी असते, एका हंगामात फुगते.

उजेड घराबाहेरही लागतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला माणसे पहाटे तीन-चारला जंगलात जातात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही आलेले असते. अर्जुनी मोरगावकडे २०२२ मध्ये रानटी हत्तींचा कळप आला. त्यानंतर रात्री पिकाच्या राखणीला जाणाऱ्याला विजेरी ही चैन राहिलेली नाही. दोन्ही हात मोकळे ठेवणारी, कपाळाला बांधायची विजेरी वेचणीसाठी कंदिलापेक्षा कामाची. सरकारी वाटपात ती क्वचितच असते. घरात धोका मण्याराचा. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चाव्याची खूण व वेदना इतकी थोडी की सकाळपर्यंत कळतही नाही. अंथरूण घालण्यापूर्वी भिंतीकडेचा कोपरा पाहता येईल एवढा उजेड आणि बाज, एवढ्याने यातले पुष्कळ टळते. रात्रभर मंद जळणारा अर्ध्या वॅटचा दिवा बॅटरीला जड जात नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेची घरकुले २०१६ पासून उभी राहत आहेत. किमान २५ चौरस मीटर, मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपये. भिंती विटांच्या, वर स्लॅब किंवा पत्रा. यांना खिडक्या असतात, पण नवे घर बऱ्याचदा जुन्या घराच्या भिंतीला लागून उठते आणि दोन बाजूंच्या खिडक्या शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडतात. मागचे मातीचे घर स्वयंपाकाला, धानाला, शेळ्यांना राहते, त्याचा अंधारही राहतो. पत्र्याच्या घरकुलात बाटली कधीही बसवता येते. स्लॅब ओतताना आतल्या खोलीच्या मध्यावर चार इंची पाइपचा तुकडा उभा सोडला, वर चार बोटे कठडा ठेवला, तर पुढे त्यात बाटली बसते किंवा ॲक्रिलिकचा घुमट. पाइपचा खर्च शंभर-दीडशे रुपये. स्लॅब पडल्यावर भोक पाडायचे तर मशीन लागते, सळई कापली जाते आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी झिरपते. म्हणून हे सेंट्रिंग लागण्याआधी मिस्त्रीला सांगावे लागते.